ज्याचं त्याने बोलायचं

माझ्या दुकानाला पायरी नाही. या एका पुण्याईवर आमची सगळी मंडळी माझ्या गळ्यात पडली. बँकेला पायऱ्या, वाचनालयाला पायऱ्या, हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यालासुद्धा पायऱ्या. टेलरचं दुकान तेवढं रस्त्याच्या पातळीला. मग आठवड्यातून एकदा, दुपारी गिऱ्हाईक नसतं त्या वेळी, माझ्या कापायच्या टेबलाभोवती चाकाच्या खुर्च्या, कुबड्या आणि एक पांढरी काठी गोळा व्हायची आणि माझ्या कामाचा बट्ट्याबोळ व्हायचा. तक्रार करायची सोय नव्हती. माझा उजवा पाय लहानपणी पोलिओने नेला, म्हणजे मीही त्याच कळपातला.

या कळपाची राखण करायची आक्का. शाळेत जायच्या वयात तिचं कमरेखालचं अंग गेलं आणि घरच्यांनी तिला संस्थेत ठेवलं. 'ठेवलं' हा तिचाच शब्द. "छत्री ठेवतात ना कोपऱ्यात, तसं," ती म्हणायची. तिथे पलंग एका ओळीत, आंघोळी एका वेळी, आणि सगळ्या बायकांचे केस एकाच मापाने कापलेले, कारण विंचरत कोण बसणार? बाहेरचं कोणी आलं की विचारायचं, "हिला काय लागतं?" आणि उत्तर आया द्यायची. चांगली मोठी बाई झाल्यावर आक्का एक दिवस मांडीवर ट्रंक घेऊन तिथून निघाली ती पुन्हा त्या रस्त्याला गेली नाही. तळमजल्यावरच्या एका खोलीत एकटी राहायची, मुलांच्या शिकवण्या घ्यायची. केस तिने इतके वाढवले होते की वेणी चाकात जाऊ नये म्हणून मांडीवर घेऊन बसावं लागायचं. मरणाला ती भीत नव्हती, संस्थेला भीत होती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्यात नियम दोनच, आणि दोन्ही तिचे. मागितल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि ज्याचं त्याने बोलायचं. दुसऱ्याच्या वतीने कोणी तोंड उघडलं की त्या दिवशीचे सगळ्यांचे चहाचे कप त्याने धुवायचे. आमचा आंधळा टेलिफोन ऑपरेटर आहे, गावभरच्या बातम्या जोडून देतो म्हणून त्याला एक्स्चेंज म्हणतात. त्याने आजवर इतके कप धुतलेत की हातावरच्या रेषा पुसल्या गेल्या असं तो सांगतो. जीभ आवरत नाही, दुसरं काय!

तिसरा नियम नव्हता, ताकीद होती. सरकारी ऑफिसच्या माणसासमोर 'जमत नाही' म्हणायचं नाही. "रडायचं ते घरी," आक्का बजावायची. "त्यांच्यासमोर सगळं जमतं. एकदा का 'जमत नाही' म्हणालात की ते म्हणणार, मग चला, तुमची सोय लावतो. त्यांची सोय मी बघून आलेय."

मुकीला तिच्या आईने आणलं. कॉलेजात जाणारी पोर, रस्ता ओलांडताना गाडीने उडवली, मणका गेला. आक्काने विचारलं, "नाव काय गं तुझं?" आईने सांगितलं. "काय शिकत होतीस?" तेही आईने सांगितलं. "पाणी घेणार?" आई म्हणाली, "नको तिला, आत्ताच प्यायलीय."

आक्काने आईला गोड बोलून बाहेरच्या बाकावर बसवलं. मग पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला आणि गप्प बसली. आम्हीही बसलो. मी बसल्या बसल्या एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या जोडल्या. शेवटी ती पोर भिंतीकडे बघत म्हणाली, "गार नको. साधं."

तेवढंच. आक्काने तिचं नाव मुकी ठेवलं. त्या नावाचा राग येऊन ती जी बोलायला लागली ती आजतागायत थांबलेली नाही.

आक्काने तिला काय काय शिकवलं! पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये फळी टाकून तीवरून सरकायचं कसं. गॅसपाशी खुर्ची तिरकी लावायची, म्हणजे उकळतं भांडं मांडीवर येत नाही. बसवाला बघून न बघितल्यासारखं करायला लागला तर बसपुढे खुर्ची आडवी कशी घालायची. आणि बसलेलं असताना थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. "आपलं अंग आपल्याला सांगत नाही गं, की मी कुजतंय. ते आपण त्याला विचारत राहायचं." मुकी पडली, भाजली, रडली, आक्काला नाही नाही ते बोलली. आक्का नुसती बघत राहायची. एकदा मला बघवेना म्हणून उठलो तर म्हणाली, "बस खाली, टेलर. तिने मागितलंय का?"

पुढे मुकीने आक्काच्याच इमारतीत खोली घेतली. तिची आई दुकानात येऊन आक्काच्या नावाने बोटं मोडून गेली. मी ऐकून घेतलं, कारण जिची पोर घर सोडून गेली तिला बोटं मोडायचा हक्क असतो. वर्षभराने तीच आई लेकीच्या हातचं जेवून गेली आणि पुन्हा दुकानात येऊन रडली. बायका आनंदाने रडल्या की शिंप्याच्या दुकानातच का येतात, देव जाणे.

आक्काच्या खुर्चीच्या गादीला खोळी मी शिवायचो. एकदा एक खोळ उसवली म्हणून तिने पाठवली. धुतलेली होती, पण धुतल्यावरही डाग राहिला होता, मध्ये पिवळट आणि कडेने तपकिरी. नाकाशी धरली आणि लगेच खाली ठेवली. दुकान अर्धवट बंद करून मी तिच्या खोलीवर गेलो.

"आक्का, हे काय आहे?"

"चहा सांडला."

"बुडाखाली?"

ती हसली नाही. "तू शिंपी आहेस ना? मग आपलं तोंड शिव."

तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं. हातांवर जोर देऊन अंग उचलणं तिने कधी सोडलं? इतकी वर्षं हातांनीच चाकं ढकलली, हातांनीच अंग उचललं, खांदे झिजून गेले होते बिचारीचे. कपाकडे हात नेताना ओठ आवळत होती. वेणी तर कित्येक दिवसांत सोडून पुन्हा घातलेली दिसत नव्हती, नुसती वरून चापून बसवली होती. हे सगळं दर आठवड्याला माझ्या टेबलासमोर बसत होतं. दुसरं कोणी असतं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केव्हाच विचारलं असतं, अहो, काय होतंय? पण आम्ही आक्काचे शिष्य. तिने मागितलं नव्हतं, म्हणून आम्ही हात लावला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिच्या मुठीत पू होता.

मी तोंड शिवलं नाही. सरळ मुकीकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वास येत होता, दादा. मला वाटलं, त्या सांगतील."

ताप चढला तेव्हा आक्काला इस्पितळात न्यावंच लागलं. जखम हाडाच्या जवळ पोचली होती. डॉक्टरांनी सांगितलं, बसायचं अजिबात नाही, कुशीवर झोपायचं, रात्रंदिवस ठरावीक वेळाने कूस बदलायची, ड्रेसिंग करायचं. "घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

घरी कोणी नसतं म्हटल्यावर आक्काचा भाऊ आला. माणूस वाईट नाही. बहिणीला फळं आणली, डॉक्टरांना नमस्कार केला आणि म्हणाला, "संस्थेत हल्ली फार छान सोय आहे, आक्का. नवीन इमारत बांधलीय. टीव्ही आहे."

"मग तू जा," आक्का म्हणाली.

एकच वाट उरली होती. एकटं राहणाऱ्या अपंगाला सरकारी खर्चाने मदतनीस मिळतो. ऑफिसचं माणूस घरी येऊन बघतं, काय जमतं आणि काय जमत नाही ते विचारतं, आणि त्यावर मदतीचे तास ठरतात. ही योजना आक्कानेच भांडून आणलेली. ऑफिसच्या दारात आम्हाला घेऊन उन्हात बसली होती. सुरुवातीला ही तपासणी नव्हती, डॉक्टरांच्या कागदावर भागायचं. कितीजणांना तिने मदतनीस मिळवून दिले, स्वतः कधी घेतला नाही. उलट ऑफिसवाल्यांनी तिचा फोटो काढून भिंतीवर लावला. खुर्चीत ताठ बसलेली, मांडीवर वेणी, आणि खाली लिहिलेलं: एकटी, तरी समर्थ.

इस्पितळातून ती खोलीवर आली ती या तपासणीपुरतीच. तोवर दिवसा मुकी आणि एक भाड्याची बाई, रात्री भाऊ, तोही नाइलाजाने आणि तेवढ्याच दिवसांपुरता. तपासणीच्या आधी आम्ही तिच्या पलंगाभोवती जमलो.

"आक्का," मुकी म्हणाली, "तुम्हाला 'जमत नाही' म्हणावं लागेल."

"कळतं मला. कुक्कुलं बाळ नाही मी."

"मग म्हणून बघा. टेलरदादा साहेब होतील."

गळ्यात टेप होती तशीच ठेवून मी साहेब झालो. "पलंगावरून खुर्चीत आपण स्वतः येता का?"

"येते."

"आक्का!"

"अगं, तोंडातून निघून जातं!"

"आंघोळ स्वतः करता का?" मी पुढे रेटलं.

"तू करतोस का रोज, ते आधी सांग."

एक्स्चेंज खो खो हसला. "गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती ही अशी."

मुकी हसली नाही. तिने पाण्याचा ग्लास भरून आक्काच्या उशाशी ठेवला आणि हाताची घडी घालून बसली. काय चाललंय ते आक्काला लगेच कळलं. आम्हालाही कळलं. बाहेर जिन्यावरून कोणीतरी सिलिंडर घेऊन गेलं, त्याचा खडखडाट थांबेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.

"जमत नाही," आक्का भिंतीकडे बघत म्हणाली. "उठायला जमत नाही. अंग पुसायला जमत नाही. केस..." आणि ती रडली. तिला रडताना आम्ही कधी बघितलं नव्हतं. "तुम्हा सगळ्यांच्या तोंडातून हे शब्द मी काढून टाकले होते गं. आता माझ्याच तोंडात कोंबताय."

मुकीचा हात पलंगाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आक्काने मागितला नव्हता.

तपासणीला एक बाई आल्या. घामाघूम झालेल्या, खांद्याला जड पिशवी, दिवसभरात अजून कुठे कुठे जायचं असेल. मी मनात आधीच चार शिव्या तयार ठेवल्या होत्या, त्या वापरायची वेळच आली नाही. आत येताच त्यांचा चेहरा उजळला.

"अय्या, तुम्हीच का? तुमचा फोटो आमच्याकडे भिंतीवर आहे! रोज सकाळी बघते मी. खूप बळ येतं."

त्यांनी तोंडावर अपमान केला असता तरी परवडलं असतं. मला दिसलं, पलंगावर पडल्या पडल्या आक्काची मान ताठ झाली.

"पलंगावरून स्वतः उठता का?"

"उठते."

मुकीने माझ्याकडे बघितलं.

"आंघोळ, कपडे?"

"सगळं करते. थोडा वेळ लागतो इतकंच. दाखवते ना."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. कोपरावर रेटा देऊन ती उठून बसली. फळी ओढली, पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये टाकली. दोन्ही हात टेकले, उचललं, थोडी सरकली, आणि मध्येच अडकली. ओठ पांढरे पडले होते. खोलीत आम्ही तिघं होतो आणि एकानेही हात पुढे केला नाही. बाईंना वाटलं असेल, काय दगडाची माणसं आहेत ही! मग आक्काने घशातून एक आवाज काढला आणि स्वतःला खुर्चीत लोटून दिलं. जखमेवर आदळली असणार. बाईंकडे बघून हसली.

"कमाल आहे तुमची," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या लिहायला लागल्या. मदतीची गरज नाही, असं.

"खोटं आहे ते," मुकी म्हणाली.

"मुके," आक्का म्हणाली.

"खोटं आहे! त्यांना जमत नाही. खांदे गेलेत. मागे जखम आहे, हाडापर्यंत. रात्री पडून राहिल्या तर तशाच पडून राहतात, कूस बदलता येत नाही. काही जमत नाही त्यांना, काहीसुद्धा!" बोलता बोलता ती रडत होती. "मदतनीस द्या त्यांना. नाहीतर मरतील त्या इथे."

बाईंनी आक्काला विचारलं, "खरं आहे का हे?" आक्का मुकीकडे बघत होती. तशी नजर मी तिच्या डोळ्यांत एकदाच बघितली होती, ती संस्थेतल्या आयांबद्दल सांगत होती तेव्हा.

बाईंनी तिला पुन्हा पलंगावर आडवं करून जखम बघितली. लिहिलेलं खोडलं. स्टुलावर बसून त्या खरोखर अवघडल्यासारख्या बोलू लागल्या. मदतनीस मिळतो तो सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. रात्रीचा मिळत नाही. आणि इतकी मोठी जखम असलेल्या माणसाला रात्री एकटं ठेवायला त्या परवानगी देऊ शकत नाहीत. "उद्या काही झालं तर? संस्थेत निदान कोणीतरी असेल हो."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जमतं म्हणावं तर मदत नाही, जमत नाही म्हणावं तर खोली नाही. आक्काला हे आधीपासून माहीत होतं. आयुष्यभर आम्हाला ताकीद देत होती ती काय उगीच?

"रात्री आम्ही येऊ," एक्स्चेंज म्हणाला. "पाळ्या लावू."

बाईंनी आमच्याकडे बघितलं. एक आंधळा, एक लंगडा, एक चाकाच्या खुर्चीत बसलेली पोर. "तुम्ही त्यांची कूस बदलून द्याल?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात, अगदी सरळ विचारलं, आणि म्हणूनच फार लागलं. रोज रात्री, दर थोड्या वेळाने, कितीतरी महिने. एक्स्चेंजला रात्रपाळी असते. माझा पाय माझाच भार घेत नाही. मुकीने बसल्या जागेवरून ते वजन ओढलं तर तिच्याही खांद्यांचं तेच होणार. तिघांचं मिळून एक धड माणूस झालं असतं, पण तिघं रोज कुठून आणायचे? ज्याचं त्याने बोलायचं होतं, आणि आम्ही मूग गिळून बसलो.

संस्थेची गाडी आली तेव्हा आक्काने कोणाचाही निरोप घेतला नाही. फळी तेवढी मागून घेतली.

त्यानंतर आमच्यात दोन तट पडले. काही म्हणतात, मुकीने गुरूला विकलं. काही म्हणतात, ती बोलली नसती तर महिन्याभरात आक्काला खांदा द्यायची वेळ आली असती. मुकी ऑफिसात खेटे घालते, रात्रीचा मदतनीस द्या म्हणून अर्ज करते, ओरडते. तिथे आक्काचा फोटो अजून भिंतीवर आहे. मध्यंतरी एक बाप आपल्या मुलाला घेऊन दुकानात आला. मुलाला काही विचारलं की बापच बोलायचा. आम्ही सगळे मुकीकडे बघत राहिलो, आता ती बापाला बाहेर बसवेल म्हणून. तिने नाही बसवलं. तिच्याने ते झालं नाही.

जखम भरल्याचं भावाकडून कळलं तेव्हा मुकी आणि मी संस्थेत गेलो. इमारत खरंच नवीन होती. दाराला गुळगुळीत उतार, आत स्वच्छ फरशी, पलंग एका ओळीत. आक्का कुशीवर होती. मुकी पलंगापाशी जाऊन एकदम थांबली. आक्काची वेणी नव्हती. केस कानांच्या वर, शेजारणीचे होते त्याच मापाने.

"बऱ्या आहात ना?" मी विचारलं. तिला मी कधी अहोजाहो केलं नव्हतं, पण तोंडातून तसंच आलं.

"जखम भरली," आक्का म्हणाली.

आया चहाची गाडी ढकलत आली आणि तिने पलंगावरून पलीकडे मुकीला विचारलं, "आजींना चहा देऊ का दूध?"

"त्यांना विचारा ना," मुकी म्हणाली.

आया आक्काकडे वळली. आक्का खिडकीकडे बघत होती.

"तिलाच विचार," ती म्हणाली. "माझं तीच बोलते."

मुकीच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. गाडीवरचे कप उगाच किणकिणत होते, आया खोळंबली होती. "चहा," मुकी शेवटी म्हणाली, अगदी हळू. "बिनसाखरेचा."

आक्काने कप डाव्या हाताने धरला आणि सगळा चहा प्यायली, सावकाश, थेंब न ठेवता. मग रिकामा कप मुकीपुढे धरला.

"धू," ती म्हणाली. "नियम आहे."

मला वाटलं, आता हसेल. हसली नाही. मुकीने कप मांडीवर घेतला आणि खुर्ची ओळीच्या टोकाला असलेल्या बेसिनकडे नेली. अपंगांची संस्था, पण बेसिन उभ्या माणसाच्या मापाने बसवलेलं, खाली फळ्यांचं कपाट. खुर्ची आत जाईना. तिने आडवी लावून बघितली, अंग ताणलं, बोटं नळाच्या अलीकडेच राहिली. पुन्हा ताणलं. मी शेजारी उभा होतो. तिने मागितलं नव्हतं.

मग तिने मागे वळून पूर्ण ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "टेलरदादा, मला जमत नाहीये. तुम्ही धुता का?"

पलंगांवरच्या सगळ्या बायकांनी माना वळवून बघितलं. आक्काने बघितलं नाही. मी कप धुतला, आणि तो पालथा घालायला तिथे जागा नव्हती म्हणून हातात धरून उभा राहिलो.